बुडालेली नाव आणि उरलेले नाव : ब्रेडासडॉर्पच्या नौकाभंग-संग्रहालयाची पन्नास वर्षे

(१)

मराठीत 'नाव' हा शब्द सुटा लिहिला असता तो कोणता, हे केवळ अक्षरांवरून आज सांगता येत नाही. 'ती नाव' म्हणजे होडी. ती संस्कृत 'नौ' या शब्दाची वंशज. 'ते नाव' म्हणजे संज्ञा. ते 'नामन्' या शब्दापासून आलेले. जुन्या लेखनात दुसऱ्या शब्दाच्या डोक्यावर अनुस्वार दिला जात असे, आणि तो अनुस्वार म्हणजे 'नामन्'मधील मकाराची शिल्लक राहिलेली खूण होती. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळले, तेव्हा ही खूणही गेली. आता दोहोंतील भेद लिंगावरून आणि संदर्भावरून ओळखावा लागतो. खूण पुसली गेली की वस्तू ओळखण्यासाठी संदर्भच शोधावा लागतो, हा अनुभव भाषाभ्यासकास नवा नाही. बुडालेल्या जहाजांच्या अवशेषांचा अभ्यास करणाऱ्यासही तो नवा नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या क्षेत्रातील एका लहानशा संस्थेचा विचार करावयाचा आहे.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाजवळ, समुद्रापासून थोडे आत, ब्रेडासडॉर्प नावाचे गाव आहे. १८३८ साली वसलेल्या या गावाचे नाव मिखील फान ब्रेडा या जमीनदारावरून पडले. भोवतालचा मुलूख गव्हाचा आणि मेंढ्यांचा. या गावात १९७५ साली एक संग्रहालय स्थापन झाले. एक जुने चर्च आणि पाद्र्याचे जुने घर या वास्तूंत ते मांडलेले आहे. त्याचा मुख्य विषय एकच : जवळच्या किनाऱ्यावर फुटलेली जहाजे. २०२५ साली या संग्रहालयास पन्नास वर्षे पूर्ण झाली. मोठ्या शहरांतील संग्रहालयांच्या मानाने त्याचा पसारा फार लहान आहे. तथापि तेथील संग्रहाच्या निमित्ताने उपस्थित होणारा प्रश्न मात्र लहान नाही. जहाज बुडाल्यावर त्याचे काय उरते, आणि जे उरते त्यातून कोणाचा इतिहास लिहिला जातो, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे देता येईल की, नौकाभंगाचे अवशेष दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात वस्तू येतात. दुसऱ्या प्रकारात शब्द, म्हणजे गावांची नावे, माणसांची नावे, दप्तरांतील नोंदी आणि बोलण्यात रुळलेले वाक्प्रचार. संग्रहालय स्वभावतःच पहिल्या प्रकाराकडे झुकते. परंतु दुसऱ्या प्रकारावाचून पहिला मुका राहतो. याउलट, काही जहाजांच्या बाबतीत दुसराच प्रकार काय तो आपल्या हाती आलेला आहे. या किनाऱ्यावरील तीन जहाजांच्या आधारे हे विधान तपासून पाहू.

(२)

प्रथम किनाऱ्याचा परिचय आवश्यक आहे. सामान्य समजुतीप्रमाणे आफ्रिकेचे दक्षिण टोक म्हणजे केप ऑफ गुड होप. वस्तुतः ते तसे नाही. खरे दक्षिण टोक तेथून सुमारे दीडशे किलोमीटर आग्नेयेस आहे. त्याला आगुल्यास भूशिर म्हणतात. १५०० सालच्या सुमारास पोर्तुगीज नाविकांनी हे नाव दिले. 'आगुल्या' म्हणजे सुई. आगुल्यास हे त्याचे अनेकवचन. म्हणजे हे 'सुयांचे भूशिर' झाले. ही सुई होकायंत्रातील होय. चुंबकसूची सामान्यतः खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळलेली असते. परंतु त्या काळी या भूशिराजवळ ती अगदी खरी उत्तर दाखवीत असे. नाविकांना याचे नवल वाटले आणि त्यांनी ते नवल नावात गोठवून ठेवले.

पृथ्वीचे चुंबकत्व स्थिर नाही. आज त्याच भूशिरावर सुई खऱ्या उत्तरेपासून पश्चिमेकडे पंचवीस अंशांहून अधिक ढळलेली असते. ज्या निरीक्षणावरून नाव पडले ते निरीक्षण आज खोटे ठरले. नाव मात्र राहिले. भाषाशास्त्रात अशा नावांना आपण मोठी किंमत देतो, ती याच कारणासाठी. नाव हे वर्तमानाचे वर्णन करीतच असते असे नाही. पुष्कळदा ते एका विवक्षित दिवसाची साक्ष असते, आणि साक्षीदार गेल्यानंतरही ती टिकते.

हा किनारा जहाजांना घातक का ठरला, याची कारणे भौगोलिक आहेत. हिंदी महासागरातून येणारा उबदार आगुल्यास प्रवाह येथे नैर्ऋत्येकडे वाहतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या लाटा त्याच्या तोंडावर येतात आणि समुद्र अवचित उंचावतो. त्यातच भूशिरापासून दक्षिणेस दूरवर उथळ समुद्रतळ पसरलेला आहे. किनारा बहुतांशी सखल असल्यामुळे रात्री किंवा धुक्यात तो जवळ येईपर्यंत दिसत नाही. आगुल्यासचे दीपगृह १८४९ साली उजळले. त्यापूर्वीची साडेतीन शतके युरोप आणि हिंदुस्थान यांमधील सारी जहाजे या अंधाऱ्या टोकाला वळसा घालून जात होती. सुएझचा कालवा १८६९ साली खुला होईपर्यंत त्यांना दुसरा जलमार्ग नव्हता.

येथे लाकडाचे दुर्भिक्ष होते. त्यामुळे किनाऱ्यास लागलेले जहाजाचे लाकूड वाया जात नसे. डोलकाठ्यांचे वासे झाले, फळ्यांची दारे झाली, कपाटे आणि मेजे झाली. ब्रेडासडॉर्पच्या संग्रहालयात अशा लाकडाचे सामान पाहावयास मिळते. त्याच्या जोडीला नाळेवर बसविलेल्या कोरीव लाकडी मूर्ती, तोफा, नांगर, घंटा, चिनी मातीची भांडी, नाणी असा संग्रह आहे. परंतु वाळूत एकटी सापडलेली तोफ ही शेकड्यावर जहाजांपैकी कोणत्याही जहाजाची असू शकते. तिच्यावर ओतशाळेची खूण असेल, किंवा ती जेथे सापडली तेथे कोणते जहाज फुटले याची लेखी नोंद असेल, तरच ती बोलू लागते. म्हणजे वस्तूला आवाज मिळतो तो शब्दामुळेच.

(३)

पहिले उदाहरण 'आर्निस्टन' या जहाजाचे. १७९४ साली बांधलेले हे जहाज ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत पूर्वेच्या आठ सफरी करून आलेले होते. १८१५ साली ते सिलोनहून इंग्लंडकडे निघाले. जहाजावर ३७८ माणसे होती. त्यांत सिलोनमधील युद्धांत जायबंदी झालेले सैनिक होते, खलाशी होते, १४ स्त्रिया होत्या आणि २५ मुले होती.

जहाजावर कालमापक नव्हता. समुद्रावर अक्षांश काढणे सोपे. सूर्याच्या मध्यान्हीच्या उंचीवरून ते कळतात. रेखांश काढण्यासाठी मात्र अचूक घड्याळ हवे. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणून स्थानिक वेळ आणि मूळ ठिकाणची वेळ यांतील फरकावरून रेखांश निघतात. जॉन हॅरिसनने बनविलेल्या घड्याळाने १७६१-६२ च्या सफरीत हे सिद्ध करून दाखविले होते. त्यास अर्धशतक लोटले होते. परंतु असे घड्याळ महाग असे, आणि 'आर्निस्टन'च्या कप्तानापाशी ते नव्हते. बरोबरच्या ताफ्यातील जहाजांपासून वादळात ताटातूट झाल्यावर वेग आणि दिशा यांच्या अंदाजावरच त्याला मार्ग काढावा लागला.

२९ मे रोजी जमीन दिसली. कप्तानाला ती केप पॉइंटची वाटली. वस्तुतः ती आगुल्यासची होती. या दोन ठिकाणांच्या रेखांशांत सुमारे दीड अंशाचे अंतर आहे. घड्याळाच्या हिशेबाने हा फरक सहा मिनिटांचा होतो. आपण केप ओलांडून अटलांटिक महासागरात आलो, अशा समजुतीने पुढे जहाज उत्तरेकडे सेंट हेलेनाच्या दिशेने वळविण्यात आले. पुढ्यात मोकळा समुद्र असावयास हवा होता; प्रत्यक्षात आफ्रिकेचा किनारा होता. ३० मे १८१५ रोजी जहाज खडकांच्या कोंडीत सापडले. नांगर टाकले, पण दोर तुटले. अखेर निदान काही माणसे तरी वाचावीत म्हणून जहाज किनाऱ्यावर घालण्याचा निर्णय झाला. किनाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ते खडकावर आपटून फुटले. ३७२ माणसे मेली. सहा वाचली.

वाचलेले सहाहीजण खलाशीवर्गातले होते. आपण कोठे आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हते. केपटाउन गाठावयाचे म्हणून ते निघाले ते उलट, पूर्वेच्या दिशेने. काही दिवस चालून ते फुटक्या जहाजापाशी परत आले, आणि १४ जूनला एका शेतकऱ्याचा मुलगा तेथे आला तेव्हा त्यांची सुटका झाली. ज्या चुकीने जहाज बुडाले तीच चूक वाचलेल्यांनी जमिनीवर पुन्हा केली, हे या घटनेतील सर्वांत बोलके तथ्य होय. दोन्ही वेळा चूक नाव देण्याची होती. दिसलेल्या जमिनीला त्यांनी भलतेच नाव दिले.

या ठिकाणाला डच वसाहतवाल्यांनी 'वानह्यूस्क्रान्स' असे नाव दिलेले होते. त्याचा अर्थ 'गाडीखान्याचा कडा' असा होतो. तेथील कड्यात एक विशाल गुहा असून तीत बैलगाडी वळविता येईल एवढी जागा आहे, म्हणून हे नाव. नौकाभंगानंतर इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्या गावाचे नाव 'आर्निस्टन' झाले. आर्निस्टन ही मूळची स्कॉटलंडमधील मिडलोथियन परगण्यातील एक जहागीर. तिचे नाव जहाजाने धारण केले, आणि जहाज बुडाल्यावर ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले. आज त्या गावाला दोन्ही नावे चालतात. एक नाव किनाऱ्याकडे जमिनीवरून पाहणाऱ्यांचे आहे, दुसरे समुद्रावरून आलेल्यांचे.

(४)

'आर्निस्टन' फुटले त्या जागेची पाहणी केपटाउन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी १९८२ साली केली. परंतु त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून, समोरच्या वाळूत लोकांना नाणी सापडत असत. त्यांत 'स्टार पॅगोडा' या नाण्यांचा समावेश होता. हे नाणे मद्रासचे. त्याच्या एका बाजूस विष्णूची आकृती आणि दुसऱ्या बाजूस तारा असे. सिलोनचा किनारी मुलूख १७९६ ते १८०२ या काळात मद्रासच्या कंपनीसरकारच्या ताब्यात होता. त्यामुळे हे नाणे तेथे ओळखीचे होते. सैनिकांच्या आणि प्रवाशांच्या गाठीला बांधलेले हे द्रव्य इंग्लंडला न पोहोचता आफ्रिकेच्या वाळूत रुजले.

मराठी वाचकाला हे नाणे परके वाटेल, ते केवळ नावामुळे. पॅगोडा म्हणजे आपला होन. दक्षिणेत त्यालाच वराह असेही म्हणत. एकाच सुवर्णनाण्याची ही तीन नावे तीन दृष्टी दाखवितात. 'वराह' हे नाव नाण्यावरील चिन्हावरून पडले. 'पॅगोडा' हे पोर्तुगीजांच्या द्वारे युरोपात गेलेले नाव. त्यात नाण्यावरील देवतेकडे परक्याच्या नजरेने पाहिलेले आहे. 'होन' हे नाव मात्र धातूचे आहे. कन्नडमध्ये 'होन्नु' म्हणजे सोने. तमिळमध्ये त्याचाच सोयरा 'पोन्' असा आहे. शब्दाच्या आरंभीच्या 'प'चा कन्नडमध्ये 'ह' झाला, हा त्या भाषेच्या इतिहासातील सुपरिचित नियम होय; तमिळ 'पाल्' आणि कन्नड 'हालु', म्हणजे दूध, ही जोडीही त्याच नियमाची. आपल्या 'होन' शब्दात हकार आहे. म्हणजे हा शब्द कन्नडमध्ये 'प'चा 'ह' झाल्यानंतर मराठीत आला. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर निघालेल्या सुवर्णनाण्याला आपण होन म्हणतो, तेव्हा दक्षिणेतील व्यापाराचा हा सारा इतिहास त्या दोन अक्षरांत येऊन बसलेला असतो.

या नाण्याचा शेवटही नोंदण्याजोगा आहे. १८१८ साली मद्रास इलाख्याने रुपया हे मुख्य चलन केले आणि शंभर पॅगोड्यांस साडेतीनशे रुपये असा दर ठरविला. म्हणजे 'आर्निस्टन' फुटल्यावर तीनच वर्षांनी हे नाणे चलन म्हणून मागे पडले. वाळूत पडलेल्या नाण्यांचे आयुष्य बाजारातील नाण्यांहून अधिक ठरले.

आता माणसांकडे वळू. ३७२ मृतांपैकी सामान्य इतिहासग्रंथांतून फार थोड्यांची नावे वाचावयास मिळतात. त्यांत व्हायकाउंट मोल्सवर्थ आणि त्यांची पत्नी यांची नावे येतात. हे आडनाव वाचताच मराठी अभ्यासकाला १८३१ आणि १८५७ सालचा तो विख्यात मराठी-इंग्रजी कोश आठवल्याखेरीज राहणार नाही. परंतु केवळ नामसाम्यावरून सोयरिक जोडणे हा आमच्या शास्त्रातील जुना दोष आहे आणि तो येथे टाळावयास हवा. कर्नल गाइल्स यांचे चार मुलगे या जहाजावर होते; चौघेही बुडाले. त्यांच्या आईने किनाऱ्यावर स्मारक उभारले. उमरावाचे नाव पदवीने राखले, मुलांची नावे आईने राखली. जखमी शिपाई आणि खलाशी यांना संख्या तेवढी मिळाली. 'तीनशे बहात्तर' या आकड्यात त्यांचा समावेश होतो. त्यापलीकडे वाचकाला ते भेटत नाहीत.

(५)

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. 'मीरमिन' हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज. डच भाषेत 'मीरमिन' म्हणजे मत्स्यकन्या. जानेवारी १७६६ मध्ये हे जहाज मादागास्करहून केपटाउनकडे निघाले. त्यावर सुमारे १४० मालागासी स्त्री-पुरुष गुलाम म्हणून नेले जात होते. वाटेत त्यांतील काहींना डेकवर मोकळे सोडून कामाला लावण्यात आले, आणि मादागास्करहून घेतलेले भाले घासूनपुसून लखलखीत करण्याचे काम त्यांच्या हाती देण्यात आले. भाले हाती येताच त्यांनी उठाव केला. जवळजवळ निम्मे खलाशी मारले गेले, आणि जहाज बंडवाल्यांच्या ताब्यात आले.

आम्हाला परत घरी न्या, ही त्यांची मागणी होती. परंतु जहाज हाकण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. खलाशांनी होकार दिला, आणि दिवसा पूर्वेकडे व रात्री पश्चिमेकडे जहाज हाकीत ते आफ्रिकेच्या किनाऱ्याशी आणले. जमीन दिसल्यावर ती मादागास्कर असल्याचे सांगण्यात आले. येथेही जमिनीला खोटे नाव मिळाले. फरक एवढाच की 'आर्निस्टन'वर ते चुकून दिले गेले, येथे ते जाणूनबुजून दिले. बंडवाल्यांपैकी एक तुकडी होडीतून किनाऱ्यावर गेली; सर्व सुरक्षित असल्यास आग पेटवून खूण करावयाची, असे ठरले होते. ती तुकडी शेतकऱ्यांच्या हाती सापडली आणि खूण काही झाली नाही.

तेव्हा खलाशांनी डच भाषेत चिठ्ठ्या लिहिल्या, बाटल्यांत बंद केल्या आणि समुद्रात सोडल्या. ज्याला ही सापडेल त्याने किनाऱ्यावर आगी पेटवाव्यात, अशी त्यांत विनंती होती. बाटल्या किनाऱ्याला लागल्या, चिठ्ठ्या वाचल्या गेल्या, आगी पेटल्या. जहाजावरील मालागासी लोकांनी त्या आपल्या माणसांची खूण मानल्या. मार्च १७६६ मध्ये 'मीरमिन' स्ट्रॉइसबाईजवळ वाळूत रुतले. मूळच्या सुमारे १४० पैकी ११२ जण अखेर केपटाउनला पोहोचले, ते गुलाम म्हणूनच.

या घटनेत शस्त्रे बंडवाल्यांच्या हाती होती, संख्याबळही त्यांचेच होते. त्यांचा पराभव झाला तो नकाशा आणि लिपी या दोन गोष्टींनी. डोळ्यांदेखत लिहिली गेलेली चिठ्ठी त्यांच्या लेखी कागदावरील निरर्थक रेघा होत्या. लेखनविद्येची थोरवी सांगताना आपण नेहमी ज्ञानाच्या प्रसाराची उदाहरणे देतो. त्या विद्येचा हा दुसरा उपयोगही विसरता कामा नये.

'मीरमिन'चा शोध इझिको संग्रहालयाच्या पुरातत्त्वज्ञांनी स्ट्रॉइसबाईच्या वाळूत घेतला. परंतु आपल्याला जी हकिकत कळते ती वस्तूंवरून कळत नाही, कंपनीच्या दप्तरांवरून कळते. चौकशी बसली, जबान्या झाल्या, आणि त्या जबान्यांतून उठावाच्या म्होरक्यांपैकी दोघांची नावे टिकली : मासावाना आणि कूसाय. पुरेसा पुरावा न मिळाल्यामुळे त्यांना रॉबेन बेटावर ठेवण्यात आले. मासावाना तेथे २० डिसेंबर १७६९ रोजी मरण पावला. कूसाय आणखी वीसएक वर्षे जगला.

परंतु ही नावे तरी आपल्याला जशीच्या तशी मिळाली आहेत काय? मालागासी ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील भाषा. तिचे जवळचे नातेवाईक बोर्निओ बेटावर सापडतात. डच कारकुनाने त्या भाषेतील नाव कानाने ऐकले आणि आपल्या लेखनपद्धतीत बसविले. ती पद्धत 'ऊ' हा स्वर 'ओ' आणि 'ई' ही अक्षरे शेजारी मांडून दाखविते, हे ठाऊक नसलेला वाचक दुसरे नाव 'कोएसाय' असे वाचील. म्हणजे नाव हीसुद्धा समुद्रातून निघालेल्या वस्तूसारखीच गोष्ट आहे. तिच्यावर परक्या लेखनाची पुटे चढलेली असतात आणि ती जपून काढावी लागतात. ती काढली तरच आत माणूस सापडण्याचा संभव. असे असूनही, 'आर्निस्टन'वरील बहुसंख्य शिपायांच्या मानाने मासावाना आपल्याला अधिक परिचित आहे, आणि तो ज्यांनी त्याला कैद केले त्यांच्या कागदांमुळे, हा इतिहासाचा विलक्षण व्यवहार म्हटला पाहिजे.

(६)

तिसऱ्या उदाहरणात एक वाक्प्रचार उरला. 'बर्कनहेड' हे लोखंडी बांधणीचे, वाफेवर चालणारे लष्करी जहाज २६ फेब्रुवारी १८५२ च्या पहाटे डेंजर पॉइंटजवळ खडकावर आदळले. जहाजावर सुमारे ६४० माणसे होती. होड्या अपुऱ्या होत्या आणि त्यांतील काही पाण्यात सोडताच आल्या नाहीत. स्त्रिया आणि मुले यांना एका होडीतून उतरविण्यात आले. ती सर्व वाचली. शिपायांना डेकवर जागच्या जागी उभे राहावयास सांगितले होते, कारण त्यांनी उड्या मारून ती होडी गाठली असती तर ती उलटली असती. शिपाई उभे राहिले. एकूण १९३ जण वाचले.

'स्त्रिया व मुले प्रथम' ही समुद्रावरील रीत म्हणून जगभर सांगितली जाते, आणि तिचे उदाहरण म्हणून 'बर्कनहेड'चे नाव इंग्रजीत रूढ झाले. या जहाजाच्या अवशेषांना पाहणाऱ्याच्या लेखी जे मोल येते ते बहुतांशी या कथेमुळे. गणवेशाचे एखादे गुंडीबटण इतर कोठेही सापडते तर त्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. तथापि वाक्प्रचाराला एक दोषही चिकटलेला असतो : तो घटनेला गुळगुळीत करतो. वाक्प्रचार ऐकणाऱ्याला शिस्त आठवते. होड्या का अपुऱ्या पडल्या हा प्रश्न आठवत नाही.

(७)

तीन जहाजे, तीन प्रकारचे शब्द : गावाचे नाव, माणसाचे नाव, आणि वाक्प्रचार. ब्रेडासडॉर्पसारख्या संग्रहालयाच्या कार्याचे मोल या पार्श्वभूमीवर ठरवावे लागते. किनाऱ्यावरील वस्तू ज्याला सापडे त्याच्या घरी जाई, त्या काळी तिचा संदर्भही तिच्याबरोबर हरवत असे. वस्तू एकत्र आल्या, त्यांची स्थळे नोंदली गेली, म्हणजे संदर्भ राहतो. १९९९ च्या राष्ट्रीय वारसा कायद्याने दक्षिण आफ्रिकेत साठ वर्षांहून जुन्या जहाजांचे अवशेष परवान्यावाचून हलविण्यास बंदी केली; तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. पहिल्या पन्नास वर्षांत वस्तू जमविल्या गेल्या. पुढील काळातील काम, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्या वस्तूंशेजारी माणसांची नावे लिहिण्याचे आहे. खलाशांच्या याद्या, पलटणींच्या हजेरीपत्रिका, चौकशीच्या जबान्या ही साधने दप्तरखान्यांत पडून आहेत. होनाच्या शेजारी तो ज्याच्या गाठीला असू शकेल अशा शिपायांची यादी लागली, तर त्या पेटीचा अर्थच बदलेल.

हा विचार आपल्याही किनाऱ्याला लागू पडतो. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. त्यांत तोफा, हस्तिदंत आणि चिनी मातीची भांडी होती. सेंट जॉर्ज खडकाजवळ फुटलेल्या दुसऱ्या एका जहाजात मंगळुरी कौले निघाली, आणि त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव व १८६५ हे वर्ष छापलेले होते. त्या चार अक्षरांनी त्या जहाजाचा काळ निश्चित करण्यास जी मदत केली, ती लाकडाच्या मोठ्या ओंडक्यानेही केली नसती.

आणि तेथून उत्तरेस, मुंबईच्या तोंडाशी, १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाणारी 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तो दिवस आषाढी अमावास्येचा होता. गावी निघालेली माणसे होती ती. कोणाच्या हाती मुलांसाठी घेतलेला खाऊ असेल, कोणाच्या कनवटीला महिन्याचा पगार. पुढे महिनाभरात देश स्वतंत्र झाला आणि त्या आनंदाच्या गर्दीत हे दुःख मागे पडले. कुलाबा जिल्ह्यातील घराघरांतून मात्र 'रामदासच्या साली' अशी कालगणना कित्येक वर्षे चालू शकली, कारण तेथे बोटीचे नाव हेच स्मारक होते. त्या बोटीवरील माणसांची नावे अजून ज्यांच्या ओठांवर आहेत अशी पिढी आता उतरणीस लागली आहे. संग्रहालय उभे राहावयास पैसा, इमारत आणि वस्तू लागतात. नावे लिहून घेण्यास कागद पुरतो, आणि ऐकणारा लागतो. ती नाव वर काढणे आपल्या हाती नाही. ती नावे मात्र अजून काढता येण्याजोगी आहेत.